सर जॉन ओल्डकॅसल

इंग्लिश लोकांस पवित्र शास्त्र त्यांच्या स्वभाषेंत मिळावें म्हणून जॉन विक्लिफ ह्यानें केलेल्या खटपटीची हकीकत आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक आहे. विक्लिफ इ. स. १३८४ त लटरवर्थ गांवीं वारला. त्याच्या मागें ज्यांनीं त्याची शिकवण धरून ठेविली त्यांस लोक उपहासानें लॉलर्ड म्हणत. ह्या लॉलर्ड मंडळींत सर जॉन ओल्डकॅसल ह्या सरदाराचें नांव सर्वांत गाजलें. परंतु त्याच्याविषयीं दोन अगदीं उलट गोष्टी सांगण्यांत येतात. कोणी म्हणतात, तो ख्रिस्ताचा शूर साक्षी होता. कोणी म्हणतात, तो राजद्रोही होता व केल्या कर्माचें फळ त्याला मिळालें. आम्हीं दोन्ही पक्षांचें म्हणणें पाहिलें. दोहोंतही खरेपणा आहे असें आम्हांस वाटतें. म्हणून कांहीं न झांकतां हें चरित्र आम्ही वाचकांपुढें ठेवितों.

इंग्लंडच्या पश्चिम सीमेवर, वेल्स देशाच्या डोंगरांस लागून, हर्फर्डशायर नांवाचा परगणा आहे. त्यांतील अलमेली ह्या लहानशा गांवीं ओल्डकॅसल घराण्याची जमीन होती. घराणें गांवच्या पाटिलकीहून वरचें, पण दरबारच्या मोठ्या सरदारांच्या पंक्तीस न बसणारें, असें म्हटलें असतां वाचकांस त्याची कल्पना येईल. जॉनचा बाप सर रिचर्ड हा नाइट होता, आणि आजा परगण्याच्या वतीनें पार्लमेंटांत बसलेला होता. नाइट म्हणजे राजानें किंवा मोठ्या सरदारानें तरवारीचा मान दिलेला स्वार. त्यानें लढाईंत घोडा, चिलखत व माणसें घेऊन हजर व्हावें आणि शांततेच्या दिवसांत आपल्या परगण्याचें कामकाज पाहावें, अशी रीत होती.

ह्याच परगण्यांत १३९० च्या सुमारास विल्यम स्विंडरबी नांवाचा एक उपदेशक बिशपाच्या परवानगीवांचून गांवोगांव फिरून शुभवर्तमान सांगत असे. त्याला बिशपानें चौकशीस बोलाविलें. वॉल्टर ब्रूट नांवाच्या एका सामान्य गृहस्थाचीही तशीच चौकशी झाली. सर जॉनच्या मनांत जें बीज पुढें वाढलें तें पडण्यास अशी जमीन त्याच्या घराभोंवतींच तयार होती.

पण त्याचें नांव प्रथम झालें तें लढाईंत. १४०० सालीं चौथा हेन्री राजा स्कॉटलंडावर स्वारी करून गेला तेव्हां ओल्डकॅसल त्या सैन्यांत होता. त्याच वर्षीं वेल्समध्यें ओवेन ग्लेंडावर ह्यानें इंग्लिश राजाविरुद्ध बंड उभारिलें, आणि तें कित्येक वर्षें चाललें. सीमेवरच्या माणसाला ह्या लढाईपासून सुटका नव्हती. आज एक किल्ला राखावयाचा, उद्यां दुसऱ्याची रसद पोंचवावयाची, रात्रीं डोंगरांतून आलेल्या टोळीवर पहारा ठेवावयाचा, अशा कामांत सर जॉनचीं वर्षें गेलीं. ह्याच युद्धांत युवराज हेन्री हा लहान वयापासून सेनापतीचें काम शिकत होता. १४०३ सालीं, सोळा वर्षांचा असतां, श्रूझबरीच्या लढाईंत तोंडावर बाण लागूनही त्यानें मैदान सोडलें नाहीं. १४०७ सालीं त्यानें ॲबरिस्टविथ किल्ल्याला वेढा दिला तेव्हां ओल्डकॅसल त्याच्याबरोबर होता. वयांत अंतर असूनही दोघांची मैत्री जडली. ही मैत्री वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढील सर्व दुःखाचें मूळ तींत आहे.

१४०४ च्या जानेवारींत राजानें वेस्टमिन्स्टर येथें पार्लमेंट भरविलें. त्या काळच्या रीतीप्रमाणें राजाचा लेखी हुकूम प्रत्येक परगण्याच्या शेरीफाकडे जाई. मग परगण्याच्या कचेरींत लोक जमून दोन नाइट निवडीत. अशा सदतीस परगण्यांचे चौऱ्याहत्तर नाइट व शहरांचे प्रतिनिधि मिळून सामान्य जनांची सभा होत असे. नाइटाला दररोज चार शिलिंग भत्ता मिळे, आणि तो सरकारी तिजोरींतून नव्हे, तर ज्या परगण्यानें त्याला पाठविलें त्या परगण्याच्या लोकांनीं द्यावयाचा असे. ह्यामुळें आपण कोणाचें मीठ खाऊन येथें आलों आहों हें त्याला विसरतां येत नसे. ह्या वेळीं हर्फर्डशायराच्या लोकांनीं सर जॉन ओल्डकॅसल ह्याला निवडून पाठविलें.

ती सभा साधी नव्हती. वेल्समधील युद्धापायीं तिजोरी रिकामी झाली होती, आणि राजा पैसा मागत होता. सभेचा सभापति सर आर्नल्ड सॅव्हेज हा मोठा स्पष्टवक्ता होता. पूर्वीं दिलेला पैसा कोठें गेला, राजाच्या घरखर्चांत इतके परदेशी लोक कां पोसले जातात, असे प्रश्न सामान्य जनांनीं राजापुढें मांडले. राजाला कांहीं माणसें घरांतून काढावीं लागलीं. आपल्या सल्लागारांचीं नांवें भर सभेंत जाहीर करावीं लागलीं. एवढें झाल्यावर जमिनीवरचा कर मंजूर झाला, तोही ह्या अटीवर कीं, तो पैसा युद्धाकडेच लागावा, त्याचा हिशेब ठेवण्यास निराळे खजिनदार नेमावे, आणि हा कर पुढील काळास पायंडा होऊं नये. राजाच्या तोंडावर नम्रपणें पण न भितां बोलतां येतें, हा धडा ज्यांनीं तेथें पाहिला त्यांत ओल्डकॅसल होता. दोन वर्षांनीं तो आपल्या परगण्याचा शेरीफ झाला.

१४०८ सालीं त्याचें नशीब एकाएकीं पालटलें. केंट परगण्यांतील वृद्ध लॉर्ड कॉबहॅम त्या वर्षाच्या आरंभीं वारला, व त्याची सर्व मालमत्ता त्याची नात जोन हिच्याकडे आली. जोन विधवा होती. तिचे तीन पति मरण पावले होते. तिनें सर जॉनशीं विवाह केला. ह्यामुळें सीमेवरचा हा साधा नाइट लॉर्ड कॉबहॅम ह्या नांवानें ओळखला जाऊं लागला, कूलिंग येथील मजबूत किल्ल्याचा धनी झाला, आणि पार्लमेंटांत सामान्य जनांच्या सभेंतून उठून लॉर्डांमध्यें बसूं लागला. त्या किल्ल्याच्या दरवाज्यावर वृद्ध लॉर्डानें एक तांब्याचा पत्रा लाविला होता व त्यावर हा किल्ला देशाच्या रक्षणासाठीं बांधला आहे असा मजकूर लॅटिनांत नव्हे, तर इंग्लिशांत कोरविला होता. तो पत्रा अजून तेथें आहे.

येथपर्यंतच्या हकीकतींत धर्माची गोष्ट थोडीच आली. आतां ती येते. १४०१ सालीं पार्लमेंटानें असा कायदा केला होता कीं, जो पाखंडी ठरून आपलें मत सोडणार नाहीं त्याला जिवंत जाळावें. कायदा होण्याच्या सुमारासच विल्यम सॉटर नांवाच्या धर्मोपदेशकाला जाळण्यांत आलें. नंतर १४०९ सालीं कँटरबरीचा आर्चबिशप टॉमस आरंडेल ह्यानें असे नियम काढिले कीं, बिशपाच्या मंजुरीवांचून कोणी उपदेश करूं नये, आणि विक्लिफच्या काळापासून झालेलें पवित्र शास्त्राचें इंग्लिश भाषांतर मंजुरीवांचून कोणीं वाचूं नये. छापखाना तेव्हां युरोपांत कोणास ठाऊक नव्हता. एक एक प्रत हातानें लिहावी लागे. एखाद्या कोष्ट्याच्या किंवा शिंप्याच्या घरीं रात्रीं दार लावून पांच-सात माणसें बसत, त्यांतल्या एकाला वाचतां येई, बाकीचे ऐकत व पाठ करीत. ज्यांनीं प्रौढपणीं अक्षरओळख करून घेतली, किंवा मुलाच्या तोंडून शास्त्र ऐकलें, असे आमचे वाचक ह्या गोष्टीची किंमत जाणतील.

सर जॉनच्या आश्रयास असलेला एक धर्मोपदेशक केंटमधील गांवांत असाच परवानगीवांचून उपदेश करीत असे. आर्चबिशपानें १४१० सालीं कूलिंग व आसपासच्या गांवांतील उपासनामंदिरें बंद करविलीं. घरांत सर जॉनच्या सावत्र मुलीचें लग्न ठरलेलें होतें, म्हणून ती बंदी लवकरच उठविण्यांत आली. कोणी म्हणेल कीं हा लॉर्डाच्या मोठेपणाचा मान होता. आणि तसें म्हणणें खोटें नाहीं. त्याच वर्षाच्या मार्च महिन्यांत जॉन बॅडबी नांवाच्या एका शिंप्याला असा मान मिळाला नाहीं. प्रभुभोजनाची भाकर भाकरच राहते, एवढेंच त्याचें म्हणणें होतें. स्मिथफील्डच्या मैदानांत त्याला पिंपांत उभें करून अग्नि लाविला, तेव्हां युवराज हेन्री तेथें हजर होता. त्याची किंकाळी ऐकून युवराजानें अग्नि बाजूस करविला आणि मत सोडशील तर जीवदान देतों व रोज तीन पेन्स पोटगी देतों असें सांगितलें. शिंप्यानें तें नाकारलें, व तो जळून मेला. ओल्डकॅसलचा मित्र मनानें निष्ठुर नव्हता, पण ह्या बाबतींत मागें हटणारा नव्हता, हें ह्यावरून कळून येतें.

त्या वर्षाच्या पार्लमेंटांत सामान्य जनांपैकीं कांहीं नाइटांनीं एक धाडसाची सूचना पुढें आणिली. बिशपांच्या व मठांच्या ताब्यांत जी अफाट जमीन होती ती राजानें घ्यावी. तिच्या उत्पन्नांतून पंधरा अर्ल, दीड हजार नाइट व सहा हजार दोनशें लहान सरदार ह्यांचें पोषण होऊन शिवाय गरिबांसाठीं शंभर धर्मशाळा चालतील, असा त्यांचा हिशेब होता. राजानें ती सूचना धुडकाविली. ह्या हिशेबांत गरिबांचे वांट्याला काय आलें आणि सरदारांचे वांट्याला काय, हें वाचकांनीं पाहावें. लॉलर्डांची बाजू घेणारे सर्वच नाइट पवित्र शास्त्राच्याच ओढीनें आले होते असें नाहीं; पुष्कळांचा डोळा मठांच्या जमिनीवर होता.

सर जॉन मात्र त्यांतला नसावा असें त्याच्या पत्रांवरून वाटतें. १४१० च्या सप्टेंबरांत त्यानें कूलिंगहून बोहेमिया देशांतील एका सरदाराला पत्र लिहून, तेथें जॉन हूस व त्याचे सोबती विक्लिफची शिकवण धरून आहेत ह्याबद्दल आनंद दर्शविला व खंबीर राहण्याविषयीं विनविलें. दूरदेशीच्या अनोळखी बंधूंना धीर देण्यांत त्याचा कोणताच लाभ नव्हता. पुढच्या वर्षीं तो फ्रान्समध्यें पाठविलेल्या इंग्लिश सैन्याचा एक नायक होऊन सेंट क्लाऊडच्या लढाईंत यशस्वी झाला.

१४१३ च्या मार्चांत राजा वारला व युवराज पांचवा हेन्री म्हणून गादीवर बसला. ज्याचा मित्र राजा झाला त्याचें भाग्य उघडलें असें जग म्हणतें. येथें उलट झालें. लंडनांत पॅटर्नॉस्टर गल्लींत पुस्तकांवर रंगीत नक्षी काढणाऱ्या एकाच्या दुकानीं लॉलर्ड मताचें एक पुस्तक सांपडलें, आणि तें सर जॉनच्या मालकीचें निघालें. पुस्तक राजापुढें वाचण्यांत आलें. आपण त्याचीं दोन पानेंच पाहिलीं होतीं असें सर जॉननें सांगितलें. हें उत्तर आम्हांस आवडत नाहीं. पुढें ज्या माणसानें प्राणाची पर्वा केली नाहीं त्याच्या तोंडीं तें शोभत नाहीं. परंतु पेत्राच्या हातूनही अंगणांत काय झालें तें आम्ही जाणतों.

आर्चबिशपानें एकदम हात घातला नाहीं. हा मनुष्य राजाचा प्रिय, म्हणून आधीं राजाला विचारलें. राजानें वेळ मागून घेतला व मित्राची समजूत आपण स्वतः घालतों म्हणून सांगितलें. कित्येक महिने तो समजावीत राहिला. अखेर ऑगस्टांत विंडसर येथें दोघांचें जोराचें बोलणें झालें. देह, मालमत्ता व तरवार हीं सर्व राजाचीं आहेत, पण पोपाचें आपण कांहीं देणें लागत नाहीं, असें सर जॉनचें म्हणणें होतें. तो राजाचा निरोप न घेतांच निघाला आणि कूलिंगला येऊन दरवाजे लावून बसला. आर्चबिशपाच्या माणसांनीं हजर होण्याची नोटीस रॉचेस्टरच्या मोठ्या उपासनामंदिराच्या दाराला चिकटविली. ती कोणींतरी फाडून टाकिली. शेवटीं राजाचाच हुकूम आला, आणि त्या हुकुमापुढें सर जॉननें दार उघडलें. त्याला लंडनच्या टॉवर नांवाच्या किल्ल्यांत कैदेंत ठेविलें.

२३ सप्टेंबर रोजीं सेंट पॉलच्या मंदिरांत चौकशी सुरू झाली. सर जॉननें आपला विश्वास कागदावर लिहून आणिला होता. प्रभुभोजन, पश्चात्ताप, मूर्ति व यात्रा ह्या चार बाबींविषयीं त्यांत होतें, आणि तें इतक्या सौम्य शब्दांत कीं, आर्चबिशपालाही त्यांतील बराच भाग चांगला आहे असें म्हणावें लागलें. पण तेवढ्यानें भागणार नव्हतें. आशीर्वाद दिल्यानंतर भाकर ही भाकर राहते कीं नाहीं, आणि धर्मगुरूपुढें पापांगीकार केल्यावांचून तारण होतें कीं नाहीं, ह्यांचीं सरळ उत्तरें पाहिजेत, असें त्याला सांगण्यांत आलें. आणि विचार करण्यास दोन दिवस देण्यांत आले.

२५ तारखेस ब्लॅकफ्रायर्स मठांत पुन्हां सभा भरली. ह्या दिवसाची हकीकत आम्ही थोडी सविस्तर सांगतों, कारण सर जॉनच्या सर्व आयुष्यांत ह्यासारखा दिवस नाहीं. समोर आर्चबिशप, बिशप, कायदेपंडित व मठवासी ह्यांची दाटी. बाजूला तो एकटा, हातांत शस्त्र नाहीं, पाठीशीं वकील नाहीं. प्रथम आर्चबिशपानें क्षमा देऊं केली, मागितली तर. सर जॉननें ती त्याच्याकडे मागितली नाहीं. तो गुडघे टेकून, हात वर करून, देवापुढें आपलीं पापें बोलूं लागला, असें जुन्या वृत्तांतांत आहे: तरुणपणींचा गर्व, राग, अधाशीपणा, लोभ, व्यभिचार, आणि लढायांत आपल्या हातून दुखावलेलीं माणसें. मग उठून तो लोकांकडे वळला व म्हणाला कीं, देवाचे नियम मीं मोडले तेव्हां ह्यांनीं मला कधीं शाप दिला नाहीं, पण माणसांचे नियम मोडतांच मला असें वागवितात.

भाकरीविषयीं त्यानें सांगितलें कीं, ख्रिस्त जगांत असतां जसा देव होता व मनुष्यही होता, आणि देवपण मनुष्यपणाखालीं झांकलेलें होतें, तसें ह्या संस्कारांत ख्रिस्ताचें शरीर व भाकर दोन्ही आहेत. भाकर डोळ्यांना दिसते, शरीर विश्वासाला. पापांगीकाराविषयीं त्याचें म्हणणें असें होतें कीं, शहाण्या धर्मगुरूचा सल्ला घेणें चांगलें, पण तारणाला तें आवश्यक नाहीं. वधस्तंभाच्या मूर्तीला कोणता मान देशील असें विचारलें, तेव्हां ती पुसून स्वच्छ ठेवीन व चांगली संभाळीन एवढाच मान देईन असें तो बोलला. पोपाविषयीं विचारल्यावर मात्र सौम्यपणा राहिला नाहीं. पोप हा ख्रिस्तविरोध्याचें डोकें, बिशप त्याचे अवयव, व भिक्षु त्याचें शेंपूट, असें तो भर सभेंत बोलला. मग निकाल वाचण्यांत आला: तो पाखंडी ठरला व सरकारच्या हवालीं झाला. जुना वृत्तांत सांगतो कीं, त्यानें डोळ्यांत पाणी आणून आपल्या न्यायाधीशांसाठीं देवाजवळ क्षमा मागितली.

ह्या वेळीं त्याला जाळण्यांत आलें असतें तर चरित्र येथेंच संपलें असतें व त्याच्या नांवाला डाग लागला नसता. पण राजानें मित्राला चाळीस दिवसांची मुदत दिली, तो बदलेल ह्या आशेनें. १९ ऑक्टोबरच्या रात्रीं सर जॉन टॉवरमधून निसटला. चामड्याचे लिहिण्याचे पत्रे करणारा विल्यम फिशर नांवाचा एक कारागीर ह्या कामांत पुढारी होता. त्यानें त्याला स्मिथफील्डजवळ आपल्या घरांत लपविलें. पुढें त्या गरीब माणसाला फांशी झाली.

सुटल्यावर सर जॉन परदेशीं गेला असता तर गोष्ट निराळी होती. त्या गुप्त घरांतून निरोप गेले: लेस्टरशायर, डर्बीशायर, एसेक्स, ऑक्सफर्ड, ब्रिस्टल. १४१४ च्या जानेवारींत सणाच्या खेळांत सोंगें घेऊन एल्थमच्या वाड्यांत शिरावें व राजाला धरावें, आणि १० तारखेच्या पहांटेपूर्वीं सर्वांनीं लंडनबाहेर सेंट जाइल्सच्या मैदानांत जमावें, असा बेत असल्याचें आरोपपत्रांत लिहिलें आहे. बेत फुटला. राजाचे हेर त्यांच्यांत होते. राजा एल्थमहून वेस्टमिन्स्टरला आला, शहराचे दरवाजे बंद करविले, आणि अंधारांत त्या मैदानावर सैन्य घेऊन उभा राहिला. वीस हजार लोक जमले असें त्या काळच्या बखरकारांनीं लिहिलें. आजचे इतिहासकार आंकडा कांहीं शेंकड्यांवर आणितात. ते होते कोष्टी, सुतार, लोहार, चांभार, नांगरे, आणि मधून मधून एखादा धर्मोपदेशक. अंधारांत आपलीं माणसें समजून ते राजाच्या सैन्यांतच येऊन पडले. तीन दिवसांच्या आंत सुमारें चाळीस जणांस त्याच मैदानांत नवे वधस्तंभ उभारून फांशी दिली. त्यांपैकीं सात जणांचीं प्रेतें अग्नींत टाकिलीं. सर जॉन हातीं लागला नाहीं.

जॉन बेल व जॉन फॉक्स ह्या सोळाव्या शतकांतील प्रॉटेस्टंट लेखकांनीं हें बंड झालेंच नाहीं, तो सर्व शत्रूंचा बनाव होता, असें लिहून सर जॉनला रक्तसाक्ष्यांच्या यादींत घातलें. आम्हांस त्या थोर लेखकांविषयीं आदर आहे, पण ह्या ठिकाणीं त्यांचें म्हणणें आम्हांस स्वीकारतां येत नाहीं. आरोपपत्रांत अतिशयोक्ति असेल. राजघराण्याचा सर्वनाश करण्याचा कट होता हें सिद्ध झालेलें नाहीं. तरी दूरदूरच्या परगण्यांतून एकाच रात्रीं माणसें शस्त्रें घेऊन येतात तीं प्रार्थनेसाठीं येत नाहींत. आणि त्याचा परिणाम कोणावर झाला? ह्यापूर्वीं प्रत्येक लॉलर्ड पाखंडी म्हणून पकडला जाई. आतां तो पाखंडी व राजद्रोही असा दोन्ही ठरूं लागला. त्याच वर्षीं लेस्टरच्या पार्लमेंटानें नवा कायदा करून शेरीफ व न्यायाधीश ह्यांस लॉलर्डांचा शोध करण्याची शपथ घालविली. शेरीफ होणें व पार्लमेंटांत बसणें हें ज्याच्या हातून झालें होतें, त्याच्याच कृत्यानें तीं दोन्ही शस्त्रें त्याच्या बंधूंवर उलटलीं. वजनदार माणसें पंथ सोडून गेलीं. पवित्र शास्त्राच्या फाटक्या प्रती जपून ठेवण्याचें काम कारागिरांच्या व त्यांच्या बायकांच्या वांट्याला आलें. तें त्यांनीं शंभर वर्षें, म्हणजे पुढील धर्मसुधारणेपर्यंत केलें.

सर जॉनच्या डोक्यावर एक हजार मार्कांचें बक्षीस लावण्यांत आलें. तरी जवळ जवळ चार वर्षें तो सांपडला नाहीं. वूस्टर व हर्फर्डच्या डोंगरांत, वेल्सच्या सीमेवर, जेथें तो लहानाचा मोठा झाला तेथें लोक त्याला लपवीत राहिले. एवढ्या बक्षिसासाठींही कोणी विकलें नाहीं, ही गोष्ट त्या गरिबांच्या पुस्तकीं जमा धरली पाहिजे. राजानें शरण आल्यास क्षमा देऊं केली. तो आला नाहीं. मधल्या काळांत आर्चबिशप आरंडेल मरण पावला, हूसला १४१५ सालीं कॉन्स्टन्स येथें जाळण्यांत आलें, आणि त्याच वर्षीं राजा हेन्रीनें ॲजिनकोर्टची मोठी लढाई जिंकिली.

१४१७ च्या अखेरीस वेल्शपूलजवळ लॉर्ड चार्ल्टनच्या माणसांनीं सर जॉनला गांठलें. तो लढला, व पुष्कळ जखमा होऊन पडला. एका बाईनें तिवई मारून त्याचा पाय मोडला अशी दंतकथा त्या भागांत सांगतात. चालतां येईना म्हणून त्याला घोड्यांच्या डोलींत घालून लंडनला आणिलें.

१४ डिसेंबर रोजीं त्याला वेस्टमिन्स्टर येथें पार्लमेंटापुढें उभें केलें. राजा फ्रान्समध्यें होता. त्याचा भाऊ बेडफर्डचा ड्यूक त्याच्या जागीं बसला होता. चौदा वर्षांपूर्वीं हर्फर्डशायराचा निवडलेला नाइट म्हणून सर जॉन येथेंच आला होता. नंतर लॉर्ड म्हणून येथेंच बसला होता. आतां आरोप वाचण्यांत आला व शिक्षा कां होऊं नये असें विचारण्यांत आलें. तो देवाच्या दयेविषयीं बोलूं लागला. मुद्द्यावर ये असें सांगितल्यावर, ह्या सभेला आपला न्याय करण्याचा अधिकार नाहीं, कारण आपला खरा राजा रिचर्ड अजून स्कॉटलंडांत जिवंत आहे, असें बोलला, असें एक बखरकार लिहितो. तो बखरकार मठवासी होता व लॉलर्डांचा वैरी होता. त्याच्या शब्दावर किती विश्वास ठेवावा हें वाचकांनीं ठरवावें. दुसरा रिचर्ड १४०० सालींच मेला होता. त्याच दिवशीं शिक्षा झाली. राजद्रोही म्हणून त्याला सेंट जाइल्सच्या मैदानापर्यंत ओढीत नेलें, तेथें सांखळीनें टांगलें, आणि पाखंडी म्हणून खालीं अग्नि लावून वधस्तंभासकट जाळलें.

ह्यानंतर जवळ जवळ दोनशें वर्षांनीं त्याच्या नांवाची आणखी एक विटंबना झाली. शेक्सपिअर नाटककारानें हेन्री राजाच्या तरुणपणावर नाटक रचतांना राजाच्या जाड्या, पिणाऱ्या, भित्र्या सोबत्याला ओल्डकॅसल हें नांव दिलें. कॉबहॅम घराण्याच्या त्या वेळच्या वंशजांना तें लागलें, व नांव बदलून फॉल्स्टाफ करावें लागलें. हा तो मनुष्य नव्हे, असा खुलासा पुढील नाटकाच्या शेवटीं करण्यांत आला. १५९९ सालीं दुसऱ्या चार नाटककारांनीं मिळून सर जॉनची बाजू घेणारें निराळें नाटक लिहिलें, पण तें फारसें कोणी वाचीत नाहीं; फॉल्स्टाफ मात्र जगभर ठाऊक आहे.

त्याची पत्नी जोन हिनें पुढें पांचवा विवाह केला. ती १४३४ सालीं वारली. केंटमधील कॉबहॅम गांवच्या उपासनामंदिरांत तिच्या कबरेवर पितळी पत्रा बसविलेला आहे, व त्यावर तिची आकृति आणि पायाशीं तिचीं मुलें कोरलेलीं आहेत. कूलिंगच्या किल्ल्याच्या पुष्कळ भिंती पडल्या. दरवाजा उभा आहे.